जिवलीची खरवड

दार वाजलं तेव्हा माझा हात उकडीत होता. तव्यावर एक भाकरी, परातीत दुसरी थापलेली, आणि किंजल आतून सांगत होती की मोज्यांच्या जोडीतला एकच सापडतोय. तिचे पप्पा पहिल्या पाळीला बोईसरला गेले होते, त्यामुळे मोजे शोधणं, डबा भरणं आणि दार उघडणं ही तिन्ही कामं माझीच.

आमच्या माकुणसारला पुढच्या दाराची कडी वाजवतो तो पोस्टमन, नाहीतर मतं मागायला आलेला माणूस. बाकीचे सगळे वाडीतून मागच्या पडवीत येतात आणि तिथूनच हाक मारतात. म्हणून दारात जिवली दिसली तेव्हा मी आधी तिच्या मागे बघितलं, कोणाला सोबत आणलंय का म्हणून. कोणी नव्हतं. तिच्या हातात मोबाइल होता. दोन्ही हातांनी, देवाचा प्रसाद धरावा तसा धरलेला.

"वयनी, हे वाचून दाव," ती म्हणाली.

जिवली आमच्या गावातल्या हायस्कूलमध्ये खिचडी शिजवते. नऊ वर्षं झाली. त्याआधी पावसाळ्यात ती आमच्या वाडीत पानं खुडायला यायची. शिडीवर उभं राहून विड्याची पानं खुडायची आणि खाली बसून त्यांच्या गड्ड्या बांधायची. मी तेव्हा नवी सून. पालघरच्या कॉलेजातून बी.ए. होऊन आलेली, आणि कोणतं पान खुडायचं हेही न कळणारी. मला ते जिवलीनं शिकवलं. पानाला हात लावायचा नाही, नुसतं देठाला नख लावायचं, एवढं सांगून वर म्हणाली होती, "एवढी शाळा शिकलीस नि येवढा नाय शिकवला तुला कोनी?"

तिला वाचता येत नाही. पण सकाळी प्रार्थनेला पोरं मैदानात उभी राहिली की ती स्वयंपाकाच्या शेडच्या दारातून एकदा नजर फिरवते आणि तेवढ्यावर तांदूळ मोजते. पोरं उपाशी राहिली किंवा टोपभर उरलं, असं मी तरी कधी ऐकलं नाही. तिचा पाडा सफाळ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं वीटभट्टीवर जातात. जिवली पूर्वी नवऱ्याबरोबर जायची. हेतल बालवाडीत जायला लागली तसं तिनं हे खिचडीचं काम धरलं आणि भट्टी सोडली. पोरीची शाळा मध्येच तुटू नये, एवढंच कारण. भट्टीवर गेलेली पोरं जूनमध्ये परत येतात ती वर्गात बसायला येत नाहीत, हे तिनं कमलेशच्या, म्हणजे तिच्या मोठ्या मुलाच्या वेळी बघितलं होतं. आता तो बोईसरला कुठल्याशा कंपनीत कंत्राटावर आहे. तो मोबाइल त्यानंच आईला घेऊन दिलेला.

हेतल आठवीत. माझी किंजल ज्या वर्गात, त्याच. पाड्यातली आठवीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. पाड्यात कोणाचा काही कागद आला, की तो वाचायला हेतलकडे जातो. मग तिची आई माझ्या दारात वाचून घ्यायला का आली होती?

मी हात पुसून मोबाइल घेतला.

एक चित्र होतं. हेतलचा चेहरा, शाळेच्या ओळखपत्रावरचा. तो एका जाड्या बाईच्या धडावर चिकटवलेला, डोक्यावर सोनेरी मुकुट आणि हातात मोठा डाव. खाली दोन ओळी. मी त्या मनात वाचल्या. मग गॅस बंद करायच्या निमित्तानं आत गेले, भाकरी करपली होती ती काढली, आणि परत आले.

"वाच ना," जिवली म्हणाली.

"काही नाही गं, पोरांचा चावटपणा."

"वयनी, मी अकरा दिवस पोरीला विचारतेय शाळेत का नाय जात. काल बोलली, तुला वाचता येत नाय म्हनून सगळे हसतात, जा, कोनाकडनं तरी वाचून घे. मी तुझ्याकडं आले. तू पन नाय वाचनार?"

मग मी वाचलं. 'खिचडीची राणी. सोबत पाड्याचा वास फुकट.'

जिवली पायरीवर बसली. मी पाणी आणलं ते तिनं हातात धरून ठेवलं.

"मला वाटला, राणी केलीय," ती म्हणाली. "डोक्यावर मुकुट हाय ना."

पुढचं तिनं सांगितलं ते असं तुकड्यातुकड्यानं. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली त्या आठवड्यात एका दुपारी तिचा मोबाइल सारखा वाजत होता. वर्गातल्या मुलांनी आपला आपला एक ग्रुप केलाय, सरांचा असतो तो वेगळा. मुलं त्यात असतात ती आईबापांच्या मोबाइलवरून, म्हणून हेतलचा नंबर म्हणजे जिवलीचाच. काहीजण तो मोबाइल चोरून वर्गातही आणतात. तिनं उघडून बघितलं तर लेकीचा फोटो, मुकुट घातलेला, आणि खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. सगळी पोरं हसतायत म्हणजे सगळ्यांना आवडलंय. संध्याकाळी हेतल घरी येऊन मोबाइल बघेल तेव्हा तिला अचानक दिसावं, म्हणून तिला विचारायचं नाही असं जिवलीनं ठरवलं. पाड्यातल्या सगळ्यांनाही दिसावं. पण स्टेटसला कसं ठेवायचं ते तिला येत नव्हतं. जेवणाच्या रांगेत हेतलच्याच वर्गातला हर्षित पुढे आला, तेव्हा तिनं मोबाइल त्याच्यापुढे धरला. "बाबा, हा माझ्या हेतलचा फोटू, मला वर लावून देशील?"

चित्र हर्षितनंच केलेलं होतं.

त्यानं लावून दिलं. मागची पोरं हसत होती. जिवलीही हसली. आणि तिनं टोपाच्या तळाची खरवड काढून हर्षितच्या ताटात घातली.

ज्यांनी शाळेतली खिचडी खाल्लेली नाही त्यांना हे सांगायला हवं. मोठ्या टोपाच्या तळाला भात लागतो, तांबूस, कुरकुरीत, थोडा धुरकट. पोरं तिच्यासाठी भांडतात. जिवली ती कोणाला देत नाही. हेतल या शाळेत आल्यापासून ती हेतलची. सगळ्यांचं वाढून झालं की शेवटी हेतल ताट घेऊन यायची आणि आई उलथन्यानं तळ खरवडून तिला द्यायची. बोलणं नाही, काही नाही. शाळेत आई-लेकीची तेवढीच भेट.

"ती मागं उभी होती," जिवली म्हणाली. "रांगेच्या शेवटाला. तिनं बघितला. ताट तसाच ठेवून गेली."

किंजल एक मोजा हातात घेऊन आतल्या दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच माहीत होतं, मम्मी. जूनपासून चाललंय. मधल्या सुट्टीत मुलं रिकामी ताटं घेऊन तिच्या बाकाशी जातात. बाई वाढ, म्हणतात."

"आणि तू?"

"मी नाही जात ताट घेऊन."

मी मोबाइलवर खाली खाली गेले. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेत एक माझ्या नंबरवरून गेलेला होता. माझ्या मोबाइलवरून, मी रात्रीची भांडी घासताना.

"सगळ्यांनी टाकला म्हणून टाकला," किंजल म्हणाली आणि रडायला लागली. जिवलीनं उठून तिचे डोळे पुसले. मला ते बघवलं नाही. माझ्या मुलीचे डोळे त्या वेळी तिनं पुसायला नको होते.

आणखी एक गोष्ट किंजलकडूनच कळली. शाळेत तक्रारपेटी आहे. गेल्या वर्षी वरून आदेश आला तेव्हा लावली, लाल रंगाची, कुलूपवाली, मुख्याध्यापकांच्या ऑफिसच्या दाराशेजारी. आमच्या महिला मंडळाला बोलावून तिचं उद्घाटनही केलं होतं. मी स्वतः टाळ्या वाजवल्यात. त्या पेटीच्या बरोबर समोर आठवीच्या खिडक्या आहेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं. आपण काय, नारळ फोडला आणि चहा पिऊन घरी आलो.

खरवडीच्या त्या दुपारीच हेतलनं त्या पेटीत चिठ्ठी टाकली होती. शनिवारी शाळा समितीसमोर पेटी उघडली. मुख्याध्यापक सरांनी हेतल आणि हर्षित दोघांना ऑफिसात बोलावलं, हर्षितला सॉरी म्हणायला लावलं, दोघांना हात मिळवायला लावले, आणि प्रकरण मिटलं म्हणून वहीत लिहिलं. सोमवारी सकाळी ग्रुपवर नवा फोटो होता. हेतल पेटीसमोर उभी, हातात कागद, पाठमोरी. वर्गाच्या खिडकीतून काढलेला. खाली कोणीतरी लिहिलं होतं की खिचडीत मीठ कमी पडल्याची तक्रार.

त्या सोमवारपासून हेतल घरी.

"गोमा काय म्हणतो?" मी विचारलं. गोमा म्हणजे जिवलीचा नवरा.

"सोमवारी भट्टीचा टेम्पो येईल. मुकादमाला जोडी लागते. इतकी वर्सं तो भाच्याला घेऊन जायचा, भाचा औंदा गुजरातला गेला. तो बोलतो, पोरगी शाळेत जात नाय तर घरात बसून काय करील, माझ्याबरोबर येईल."

तो दिवस शुक्रवार होता. म्हणजे हातात शनिवार आणि रविवार.

शनिवारी आम्ही दोघी ऑफिसात गेलो. जिवली आधी शेडमध्ये जाऊन मटकी शिजत ठेवून आली होती. समितीचे अध्यक्ष प्रताप तिथं होतेच. प्रताप म्हणजे माझ्या यजमानांचे चुलतभाऊ, हर्षितचे वडील. वाडी आमच्या शेजारची. गौरी-गणपतीत एका पंगतीला बसणारी माणसं.

"या वहिनी," प्रताप म्हणाले. "तुम्ही कशाला त्रास घेतलात? घरी सांगितलं असतं तर मी पोराचा कान पिळला असता."

"कान नको पिळायला, भावोजी. हेतल सोमवारी भट्टीवर चाललीय. तिनं वर्गात परत यावं, असं काहीतरी करायचंय."

"आता पोरं म्हटली की मस्करी आलीच. आपल्या वेळी नव्हती का? मला सातवीपर्यंत भोपळा म्हणायचे."

"तुमचा फोटो कोणी घरोघर पाठवला नव्हता."

सर मध्येच म्हणाले, "मॅडम, आम्ही नियमाप्रमाणे कार्यवाही केलीय. तक्रार आली, दोन्ही बाजू ऐकल्या, समज दिली. सगळं नोंदलंय." आणि त्यांनी वही माझ्याकडे वळवली. अक्षर सुंदर होतं.

हर्षितला बोलावलं. उंच झालाय पोरगा, ओठावर लव फुटायला लागलीय. मला बघून 'काकी' म्हणाला आणि बुटांकडे बघत उभा राहिला.

"तू केलंस ते चित्र?" मी विचारलं.

"सगळ्यांनी मिळून केलं."

"आणि हिच्या मोबाइलवर स्टेटसला कोणी लावलं?"

"मावशीच बोलली लाव म्हणून."

खोटं नव्हतं ते. प्रताप खुर्चीत पुढे सरकले.

"बघा. म्हणजे आईनंच लावलं. जिवली, तूच सांगितलंस ना त्याला?"

जिवली दाराशी उभी होती. खुर्ची रिकामी होती, पण तिला कोणी बस म्हटलं नव्हतं आणि मीही म्हटलं नव्हतं, हे मला आत्ता लिहिताना आठवतंय.

"हो," ती म्हणाली. "मीच बोलले."

"मग? आईला खटकलं नाही, तिनं सगळ्या पाड्याला दाखवलं, आणि आता आमच्या पोराच्या नावानं बोंब."

"तिला वाचता येत नाही, भावोजी. तुम्हाला माहितीये."

"ते खरं. पण वहिनी, वाचता येणाऱ्यांनी तरी काय केलं?" ते हसून म्हणाले. आवाज चढवला नाही, घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "किंजलचापण हसरा चेहरा आहे त्या रांगेत. मी बघितलाय. मी काही बोललो का?"

माझ्याकडे उत्तर होतं, म्हणजे वाटेत ठरवून आणलेली बरीच वाक्यं होती. त्यातलं एकही बाहेर आलं नाही.

सरांनी घसा साफ केला. "जिवलीबाई, तुमचं आणखी काही म्हणणं असेल तर लेखी द्या. तोंडी बोलण्याला अर्थ नसतो. अर्ज आला की आम्ही समितीपुढे ठेवू."

"जूनमध्ये नाहीतरी बसायचंच आहे," प्रताप म्हणाले, "स्वयंपाकाचं कोणाला द्यायचं ते ठरवायला." एवढं बोलून त्यांनी मोबाइल बघितला. धमकी होती की सहज म्हणाले, हे जिला समजायचं तिला समजलं.

मधल्या सुट्टीची घंटा झाली. जिवली म्हणाली, "वाढायचा हाय," आणि गेली.

ऑफिसच्या खिडकीतून शेड दिसते. मी उभी राहून बघत होते. पोरं ताटं घेऊन रांगेत आली. जिवलीनं डाव हातात घेतला आणि वाढायला लागली, एकेक डाव, वर मटकीची आमटी. हर्षित रांगेत आला. मला वाटलं, आता काहीतरी होईल. डाव थांबेल, निदान ती मान फिरवेल. तिनं त्याला वाढलं. एक डाव, जेवढा सगळ्यांना तेवढाच. "मावशी, खरवड?" मागून कोणीतरी विचारलं. तिनं टोपात तांब्याभर पाणी ओतलं आणि तो भिजत ठेवला.

त्या संध्याकाळी मी आणि किंजल पाड्यावर गेलो. किंजलला मी नेलं नाही, ती स्वतः आली. हेतल अंगणात भाताचा पेंढा रचत होती. किंजल तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मी तो चेहरा काढून टाकला."

हेतलनं पेंढ्यावरचा हात न काढता विचारलं, "मग आता त्यांनी बघितलेला नाय का?"



मी म्हटलं, "हेतल, आठवी पूर्ण कर. मी रोज तुला वर्गापर्यंत सोडीन. सरांशी बोलेन, पोलिसांत जायचं तर जाऊ, मोबाइलवरच्या असल्या गोष्टींचे गुन्हे नोंदवतात आता."

"पोलिसांना तो फोटो दाखवायला लागेल ना, काकी?"

"लागेल."

"मग आणखी चारजण बघतील." तिनं पेंढी उचलून वर टाकली. "तुमी वर्गापर्यंत सोडाल. आत कोण बसेल माझ्याबरोबर?"

माझी मुलगी माझ्या शेजारीच उभी होती. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मला तिचा राग आला, आणि लगेच कळलं की ऑफिसात मीही तेच केलं होतं.

गोमा आतून बाहेर आला. भांडकुदळ माणूस नाही तो. मला बसायला गोणपाट टाकलं. म्हणाला, "ताई, मला पन वाटतं तिनं शिकावा. पन ती रात्रभर जागी राहते. भट्टीवर दमून झोपेल तरी."

आम्ही निघालो तेव्हा हेतल पाड्यातल्या एका म्हाताऱ्याला कसलासा कागद वाचून दाखवत होती. बँकेचा असावा. प्रत्येक ओळीखाली बोट ठेवून, हळू, त्याला समजेपर्यंत.

सोमवारी पहाटे टेम्पो आला आणि गेला.

मंगळवारी सकाळी जिवली आली. या वेळी मागच्या पडवीत, नेहमीसारखी. "वयनी, हायस का?" मी बाहेर आले तर ती पायरीवर बसलेली.

"गेली?"

"गेली. मला बोलली, शाळेची पुस्तकं उंदरांपासून वर ठेव." जिवली म्हणाली. "काल मी तांदूळ तिला धरून मोजला. हात जातो तसा. एक ताट उरला."

मी आतून कागद आणि पेन आणलं. चार दिवसांत मी अर्जाचा कच्चा मसुदा करून ठेवला होता, दोन पानी. हर्षितवर आणि त्याच्या मित्रांवर कारवाई करावी. पालकांनी जाहीर माफी मागावी. प्रताप यांनी अध्यक्षपद सोडावं, हेही लिहिलं होतं. मुलांच्या मोबाइलबाबत पालकांची सभा घ्यावी. मी तिला सगळं वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं, मध्येच मानही हलवली.

"चांगला लिवलायस," ती म्हणाली. "पन हे ते करनार नाय. तुला पन माहीत हाय. कागद ठेवतील नि जूनमध्ये मला काढतील. मग तिथं मी पन नसनार."

"मग काय लिहू?"

तिनं वाडीकडे बघितलं. पानवेली औंदा चांगल्या चढल्यात.

"सहावीत एक पोर हाय, केळव्याचा," ती म्हणाली. "दोन दिवस झाले, वाढताना हात मागं लपवतो. हातावर वळ हायत. मी विचारला तर बोलला पडलो. त्या पेटीकडं तो जानार नाय. सगळा वर्ग बघतो तिथं. हेतलचा बघितलाय त्यानं."

मी मसुदा बाजूला ठेवला आणि कोरा कागद घेतला. वर तारीख घातली, प्रति मुख्याध्यापक लिहिलं, खाली तिचं नाव लिहिलं. मग पेन धरून थांबले. ती सांगत गेली तसं तिच्याच शब्दांत लिहिलं, एक अक्षर बदललं नाही, आणि तिनं शाई लावून अंगठा उठवला.

"ती लाल पेटी हाफिसाच्या दारातनं काढा नि माझ्या शेडात लावा, तांदळाच्या पिंपामागं. तिथं सगळीच पोरं येतात, कोन कशाला आला ते कोनाला कळत नाय. चावी तुमच्याकडंच ठेवा. मला वाचता येत नाय, मी कोनाला काय सांगनार नाय. एवढी पेटी हलवा."